मांडीवरची झोप

चिखला
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. उर्वशी, तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

फोन असताना या नणंदेला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं म्हणशील. अगं, तुमच्याकडे फोन उचलला की आईला ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावतात, आणि मग शेजारच्या ओसरीवरचे लोकही मला खुशाली विचारतात. आजचं बोलणं तसं नाही. पोस्टमनने हातात दिलं की एकटीने वाच.

भाऊबीजेनंतर तुझी टीना माझ्याबरोबर आली, आठवडाभर राहिली. पोर लाघवी आहे. मनिषच्या खाणीतल्या टोपीवरचा दिवा लावून घरभर फिरायची. पण तिची झोप माझ्याने बघवली नाही.

तुला ठाऊक आहे, मनिषची पाळी बदलत असते. रात्रपाळी करून आला की दिवसा झोपतो, आणि मी घरात वाटीही वाजू देत नाही. नवऱ्याची झोप राखण्यातच माझा संसार झाला. मनिष घोरतो, पण ते बैलगाडीसारखं एका चालीने चालतं. टीना घोरते, घोरते आणि एकाएकी गप्प होते. छाती धडपडत असते, पोट आत ओढलं जातं आणि नाकातोंडातून वारा नाही. मी नाकाखाली बोट धरून पाहिलं. मग हिसका बसतो, मान मागे टाकते, घशातून केवढा तरी आवाज येतो आणि पुन्हा सुरू. बाहेर थंडी आणि पोरीची उशी घामाने ओली.

चादरही ओली होते, ते तू मला सांगितलं नव्हतंस. आठ वर्षांच्या पोरीने पहाटे स्वतःच ती गोळा करून पलंगाखाली कोंबली. मी न बोलता धुऊन टाकली.

आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लहान मुलांचे टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडेनॉईडची गाठ वाढली की झोपेत श्वासाची वाट बंद पडते. हवा कमी पडली की मेंदू मुलाला अर्धवट उठवतो. रात्रभर हेच. म्हणून मुलं दिवसा पेंगतात, चिडचिड करतात, शिकवलेलं डोक्यात राहत नाही. झोपेची तपासणी करून घ्या म्हणाल्या. वेळ घालवण्यासारखी गोष्ट नाही.

प्रविणला सांग. तो हो हो म्हणेल आणि विसरेल, माझाच भाऊ आहे. तू त्याच्या मागे लाग.

तुझी
रीता


एकोडी
६ डिसेंबर २०२४

ती. रीताताईंना उर्वशीचा नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. धानाची चुरणी चालू आहे, थ्रेशरवाला आज येतो, उद्या येतो करत आठ दिवस घालवले.

टीना मजेत आहे. तुमच्याकडे होती तेव्हा तिला सर्दी होती, म्हणून तुम्हाला तसं वाटलं असेल. आई म्हणतात, घोरणं या घराण्यातच आहे. मामंजी घोरायला लागले की गोठ्यातले बैल उठून उभे राहायचे म्हणे. घोरणारं माणूस गाढ झोपतं, असंही म्हणतात.

चादरीचं मात्र कृपा करून कोणाजवळ काढू नका. मनिषरावांजवळही नको.

ताई, मुलीची जात आहे. मुलगा घोरला तर लोक बापावर गेला म्हणून कौतुक करतात. मुलगी घोरली तर आईकडे बघतात. मागच्या उन्हाळ्यात रत्नमालाच्या लग्नात मांडवात आपण सगळ्या बायका रांगेने निजलो होतो, आठवतं ना? शकुनमावशी मध्येच उठून बसल्या आणि म्हणाल्या, “उर्वशी, पोरगी आनली का तुमसरची राईस मिल आनली वं?” सगळा मांडव हसला. सकाळी ती गोष्ट वरपक्षापर्यंत गेली. वरातीत पोरं टीनाला “मिल, मिल” म्हणून चिडवत होती. तेव्हापासून मी तिला कुठे मुक्कामाला नेत नाही. तुमच्याकडे पाठवलं, कारण तुम्ही घरच्या.

तपासणीचं यांना विचारते. आधी धान बाजारात जाऊ द्या.

आपली
उर्वशी


चिखला
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. उर्वशी,

सर्दी म्हणे. कोणती सर्दी इतके महिने राहते? मांडवात होती, दिवाळीत होती, आताही असेल. मी प्रविणशी फोनवर सरळ बोलले. आई मागून ओरडत होती की मी पोरीला उगाच आजारी पाडते आहे. ओरडू दे.

मनिषला मी चादरीचं सांगितलं नाही, श्वासाचं सांगितलं. तो म्हणाला, खाणीत पंखा फिरत असतो पण पुढची वाट ढासळून बुजली तर आतल्या माणसाला त्या पंख्याचा काय उपयोग? तुमच्या टीनाचं तसं आहे. छातीचा पंखा फिरतोय आणि वाट बंद. मला डॉक्टरांपेक्षा ते जास्त कळलं.

आता नीट ऐक. भंडाऱ्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जानेवारीतला दिवस ठरला आहे. नागपूरला मोठ्या दवाखान्यात रात्रभर ठेवून ही तपासणी करतात, पण तिथे नंबर फार लांबचा लागतो. हे डॉक्टर एक लहान यंत्र घरी देतात. छातीला पट्टा, नाकाला बारीक नळी, बोटाला चिमटा. त्यात श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन टिपला जातो. टीनाला रोजच्यासारखं झोपवायचं आणि सकाळी यंत्र परत द्यायचं. तुला करायचं काहीच नाही. नुसतं झोपू द्यायचं.

आणि मुलीची जात वगैरे पुन्हा लिहू नकोस. श्वासाला कसली जात?

तुझी
रीता


एकोडी
२१ जानेवारी २०२५

ती. रीताताईंना सप्रेम नमस्कार.

तपासणी झाली. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी फोनवर यांना सांगितलं की काळजीचं कारण दिसत नाही, ऑक्सिजन ठीक आहे, नाकात मारायचा फवारा देतो आणि महिनाभराने दाखवायला या. पहिल्या पानाचा फोटो यांनी तुम्हाला पाठवलाच असेल. यंत्र नीट लावलं होतं. टीनाने काढलं नाही.

त्याच आठवड्यात गावात बैलजोड्यांच्या शर्यतींचा शंकरपट होता आणि रात्री नाटक. पाहुणे बरेच होते, त्यामुळे लिहायला सवड मिळाली नाही. तुम्ही आमच्यासाठी एवढी धावपळ केलीत, मनिषरावांनाही त्रास झाला. आता तुम्ही काळजी करू नका.

आई तुमची आठवण काढतात.

आपली
उर्वशी


चिखला
२९ जानेवारी २०२५

चि. सौ. उर्वशी,

फोटो पाहिला आणि देवापुढे साखर ठेवली. मग मला माझीच लाज वाटली.

कालच आईचा फोन होता. म्हणाली, “पोरीले तारांनी बांधून ठेवलं रातभर, कायले? तुयं मन भरलं का आता?” तिचं खरंच आहे. दोन बुकं शिकलेली बाई स्वतःला डॉक्टर समजायला लागली की असं होतं. तुझ्या घरात येऊन मी भांडण लावलं, तुला सासूचं ऐकायला लावलं, धानाच्या घाईत प्रविणला भंडाऱ्याच्या चकरा मारायला लावल्या. तू मात्र मला एका शब्दाने दुखवलं नाहीस. उलट मनिषला त्रास झाला म्हणून लिहितेस. त्या वाक्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टीनासाठी एक फ्रॉक पाठवते आहे. आत्याने उगाच घाबरवलं म्हणून रागावू नकोस असं तिला सांग.

एक विचारते, रागावू नकोस. ती मान मागे टाकून झोपते ते थांबलं का? फवाऱ्याने फरक पडला असेल तर कळव.

तुझी
रीता


चिखला
१८ फेब्रुवारी २०२५

उर्वशी,

तुझं उत्तर आलं नाही. फ्रॉक पोचल्याचं फक्त प्रविणने सांगितलं.

काल मी मनिषचे कान दाखवायला भंडाऱ्याला गेले होते. खाणीच्या आवाजाने त्याला कमी ऐकू येतं आहे. डॉक्टर तेच. टीनाची महिन्याची भेट झालीच नाही, असं तेच म्हणाले. मग त्यांनी तिचा सगळा रिपोर्ट उघडून समोर धरला. पहिलं पानच नाही, सगळा; तोवर त्यांनीही नुसते आकडे पाहिले होते. यंत्राला माणूस कसा निजला आहे तेही कळतं म्हणे, उताणं, कुशीवर, पालथं. त्यांनी मला विचारलं, ही मुलगी रोज बसूनच झोपते का? कारण त्या रात्री सुरुवातीचा थोडा वेळ सोडला तर ती आडवीच झालेली नाही.

मी म्हटलं, घरी विचारते.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की बसलेल्या मुलाची वाट थोडी मोकळी राहते, त्यामुळे हा रिपोर्ट काही सांगत नाही, आपण पाहिला तो दुसऱ्याच कोणाच्या झोपेचा समजा.

उर्वशी, काय झालं होतं? मी ओरडणार नाही.

रीता


एकोडी
२४ फेब्रुवारी २०२५

ताई,

ज्या दिवशी यंत्र घरी आलं त्याच दिवशी नाटकाचे पाहुणे आले. दिवस बदलून मागायला हवा होता. यांना म्हटलं नाही. कारण काय सांगणार होते?

पाहुण्यांत शकुनमावशी होत्या. सगळे नाटकाला गेले, मी टीनासाठी घरी राहिले. पट्टा, नळी, चिमटा, सगळं डॉक्टरांनी दाखवलं तसं लावलं. पोर उशिरा निजली आणि आवाज सुरू झाला. तेवढ्यात नाटक संपून बायका परत आल्या, त्याच खोलीत अंथरुणं पसरली. शकुनमावशींनी माझ्याकडे पाहिलं फक्त. मी टीनाला उचललं, मांडीवर बसवलं, माझ्या छातीला टेकवलं आणि तिची हनुवटी वर धरली. असं धरलं की आवाज थांबतो, हे मला रत्नमालाच्या लग्नापासून माहीत आहे. कुठे चार माणसं असली की मी तसंच करते. त्या रात्री उजाडेपर्यंत धरून बसले.

मनात येत नव्हतं असं नाही. बोटाचा लाल दिवा लुकलुकत होता, मला कळत होतं की यंत्र लिहून घेत आहे. वाटलं, थोडं आडवं टाकावं. पण कोणीतरी कूस बदलायचं आणि माझे हात आणखी घट्ट व्हायचे.

रिपोर्ट चांगला आला म्हणून यांनी पेढे आणले. मीही एक खाल्ला. ताई, त्या पेढ्याची लाज अजून माझ्या घशातून उतरली नाही. तुम्ही माफीचं पत्र लिहिलंत, ते मी चुलीजवळ बसून वाचलं आणि उत्तराला हात उचलला नाही. उत्तर काय देणार, तुम्ही खऱ्या होतात.

टीनाचं बरं नाही. जेवताना ताटावर डोळे मिटते. बाईंनी वर्गात मागे बसवलं आहे, ढ म्हणून. ती ढ नाही, तिला झोप नाही, हे मला कळतं आणि मी गप्प आहे.

काल आईंना सगळं सांगितलं. आधी रागावल्या. त्यांना आवाज ऐकू येत नाही, मग मी रात्री त्यांचा एक हात टीनाच्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट नाकाखाली. छाती हलत होती. आईंनी बोट काढून पुन्हा नाकाखाली धरलं. मग म्हणाल्या, “उर्वशी, वारा नाही येऊन राहिला वं.” त्यानंतर त्या निजल्याच नाहीत, नातीच्या पायाशी बसून राहिल्या. नागपूरचा नंबर लावा असं त्यांनीच यांना सांगितलं.

एक लिहिते, लिहू नये असं वाटतं तरी लिहिते. त्या मांडवात हसणाऱ्यांत तुम्हीही होतात. तुम्ही माझ्या शेजारीच निजल्या होतात.

उर्वशी


चिखला
२८ फेब्रुवारी २०२५

उर्वशी,

होते. हसले होते. तुझं पत्र येईपर्यंत ते माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं, आणि हसणाऱ्याचं असंच असतं.

तू जे लिहिलं नाहीस तेही सांगते. लग्नाहून परत आल्यावर मी तो राईस मिलचा विनोद इथे कॉलनीतल्या बायकांना सांगितला होता. खूप हसल्या. दिवाळीत टीना इथे आली तेव्हा पोरांनी तिला बाहेर काय म्हटलं असेल, हे मला आज सुचलं. ती संध्याकाळी खेळायला जायची नाही, घरात टोपीचा दिवा लावून फिरायची. मला वाटलं, आत्याचा लळा आहे. आणि मी तुला लिहिते, श्वासाला कसली जात. शहाणपण शिकवायला मला लाज वाटायला हवी होती.

डॉक्टरांनी तातडीची चिठ्ठी दिली, म्हणून नागपूरचा नंबर लवकर, १६ मार्चचा लागला. एकाच माणसाला मुलाजवळ राहू देतात. ते माणूस तूच. माझ्या पोराची दहावीची परीक्षा चालू आहे, म्हणून मी येऊ शकत नाही, नाहीतर दाराबाहेर बसले असते. प्रविण खाली थांबेल.

तिथे हात लावू नकोस एवढंच. तुझ्यासाठी ते किती कठीण आहे, मला आता कळतं.

तुझी
रीता


नागपूर
१७ मार्च २०२५

ती. रीताताई,

दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहिते आहे. हे पावत्या करत आहेत, टीना शेजारी इडली खाते आहे.

खोलीत दोन पलंग होते, मधे पडदा. पडद्यापलीकडे एक मुलगा आणि त्याची आई, गोंदियाकडची. तपासणी करणाऱ्या बाईंनी टीनाच्या डोक्याला मलम लावून तारा चिकटवल्या, डोळ्यांजवळ, हनुवटीवर, पायांवर. टीना शहाण्यासारखी बसली. मग दिवा मालवला आणि बाई काचेपलीकडे जाऊन बसल्या.

टीना झोपेना. मला वाटलं, तारा टोचत असतील. बराच वेळ गेला. जी पोर ताटावर डोळे मिटते, ती पलंगावर टक्क जागी. मग दिसलं, चादरीखाली ती स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होती. डोळा लागायला आला की चिमटा.

मी विचारलं, असं काहून करतेस?

ती हळूच म्हणाली, “आई, मले मांडीवर घे ना. तिकडे लोक आहेत.”

मी म्हटलं, असू दे लोक.

“माया आवाज होते. तुले लाज येईल.”

ताई, माझ्या हातात त्या वेळी तिचा हात होता. तो सोडला नाही एवढंच. मला वाटत होतं, लाज मी एकटी वाहते आहे, पोरीपर्यंत पोचू देत नाही. तिला श्वास पुरत नव्हता आणि मी तिला लाज पुरवत होते. रोज, मांडीवर घेऊन, माया करते आहे असं समजून.

मी तिला म्हटलं, “टीना, मले येत होती लाज. ते मायं चुकलं. आता नाही येऊन राहिली. तू आज घोर, बाई. जेवढं घोरता येते तेवढं घोर.”

तिने माझ्याकडे पाहिलं, खोटं तर बोलत नाही ना असं. मग कुशीवर वळली आणि झोपली.

आवाज सुरू झाला. पडदा हलेल इतका. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तो थांबायचा तेव्हा तर उठून तिला उचलावं असं अंगात यायचं, पण काचेपलीकडच्या बाई बघत होत्या, आणि त्यांनी बघावं म्हणूनच आम्ही आलो होतो. पहिल्यांदाच मी तो आवाज पूर्ण ऐकला. आजवर मी तो नेहमी मध्येच दाबत आले होते, त्यामुळे पोर किती झगडते ते मला ठाऊकच नव्हतं.

सकाळी डॉक्टर येऊन गेले. आजार बराच वाढलेला आहे, पण वेळेत आलात म्हणाले. टॉन्सिल आणि मागची गाठ दोन्ही काढायची, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. बहुतेक मुलांना त्याने आराम पडतो, नंतर एकदा पुन्हा तपासू. आईंना फोन केला तर स्पीकरवर होता. मी स्पीकर असतानाच सगळं सांगितलं. शेजारच्या ओसरीवरूनही कोणीतरी विचारलं, त्यांनाही सांगितलं.

आत्याने उगाच घाबरवलं असं टीनाला सांग, असं तुम्ही लिहिलं होतं, ते मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे की आत्याने पहिल्यांदा ऐकलं.

एक गोष्ट राहिली. सकाळी तारा काढताना डोळे उघडून तिने पहिलं हेच विचारलं, “कोनी हासलं काय?” मी म्हटलं, नाही. तिला माझं खरं वाटलं नाही. पडदा बाजूला करून तिने त्या गोंदियाच्या बाईंनाच विचारून घेतलं.

तुमची
उर्वशी